वीजदरांची तुलना, संकेतस्थळ आणि खर्चाचा हिशेब : महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग, मुंबई.

विषय : वीजपुरवठादारांची तुलना करणाऱ्या सार्वजनिक संकेतस्थळाची उभारणी, त्यातील सुधारणा आणि त्यांवरील सार्वजनिक खर्च.

महोदय,

वीजपुरवठादारांची तुलना करणारे सरकारी संकेतस्थळ ग्राहकाचा वापर आणि त्याला उपलब्ध असलेले सगळे दर यांचा मेळ घालते व कोणाकडे वर्षाचे बिल किती येईल ते सांगते. जिथे एकाच घराला वीज विकण्याची मुभा एकाहून अधिक कंपन्यांना असते, तिथेच त्याची गरज पडते. ऑस्ट्रेलिया, टेक्सास, न्यूझीलंड आणि युरोपातील अनेक देश गेली दहा-वीस वर्षे अशा सेवेवर सार्वजनिक पैसा खर्च करत आहेत. तो पैसा नेमका कशावर जातो, त्यातून काय हाती येते आणि हिशेब कुठे चुकतो, याचा पुरेसा अनुभव आता जमा झाला आहे. महाराष्ट्राने तो विकत घेण्याऐवजी वाचून घ्यावा, हे या पत्राचे प्रयोजन आहे.

हा प्रश्न महाराष्ट्राला परका नाही. मुंबईच्या उपनगरांत ग्राहकाला पुरवठादार निवडता येतो. टाटा पॉवरला तिच्या परवान्याखाली किरकोळ ग्राहकांनाही वीज विकण्याचा हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 8 जुलै 2008 रोजी दिला. त्यानंतर ऑक्टोबर 2009 मध्ये आयोगाने तेव्हाच्या रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चरच्याच तारांवरून टाटाची वीज घेण्याची वाट मोकळी केली. जुन्या कंपनीच्या तारांवर राहून पुरवठादार बदलणे म्हणजे चेंजओव्हर, आणि नव्या कंपनीच्या तारांवरच जाणे म्हणजे स्विचओव्हर, हे दोन शब्द मुंबईच्या ग्राहकांच्या बोलण्यात तेव्हापासून रुळले. 2018 मध्ये रिलायन्सचा मुंबईतील वीजव्यवसाय अदानी समूहाकडे गेला, तरी निवडीची मुभा कायम राहिली.

ही मुभा पुढे आणखी विस्तारण्याची चिन्हे आहेत. एकाच क्षेत्रात अनेक वितरण परवानाधारकांनी सामाईक जाळे वापरावे, अशी तरतूद केंद्राच्या 2022 च्या वीज सुधारणा विधेयकात होती आणि ऑक्टोबर 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या मसुद्यातही ती आहे. समांतर परवान्यांच्या प्रश्नावर जानेवारी 2023 मध्ये महाराष्ट्रातील वीजकर्मचारी संपावर गेले होते. स्पर्धा यावी की येऊ नये, हा वाद या पत्राचा विषय नाही. मात्र ती जिथे आहे आणि जिथे येईल, तिथे ग्राहकाला खरी तुलना मिळाली नाही तर निवडीचा हक्क केवळ कागदावर उरतो.

वीजबिलाची तुलना किराणा मालाच्या भावासारखी सोपी नसते. महाराष्ट्रातील घरगुती बिलात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क असे वेगवेगळे घटक असतात. वीज आकार वापराच्या टप्प्यांनुसार चढत जातो : 100 युनिटपर्यंत एक दर, 101 ते 300 युनिटला दुसरा, 301 ते 500 ला तिसरा आणि त्यापुढे चौथा. एखाद्या घराचा वर्षभराचा सरासरी वापर महिना 200 युनिट असला, तरी थंडीत तो 90 वर उतरतो आणि मे महिन्यात 350 वर चढतो. सरासरीवरून केलेला हिशेब अशा घराच्या बाबतीत फसतो, कारण महागड्या टप्प्यात गेलेले युनिट सरासरीत दिसतच नाहीत. पुरवठादार बदलणाऱ्याला जे अधिभार लागू होतात, त्यांनी हा गुंता आणखी वाढतो. आयोगाचे दर-आदेश सर्वांसाठी खुले असतात, पण ते शेकडो पानांचे असतात. घरी बसून त्यातून आपले उत्तर काढणे सामान्य ग्राहकाच्या आवाक्यातले नाही.

हे काम खासगी संकेतस्थळांवर का सोडू नये, हा पहिला आणि रास्त प्रश्न आहे. खासगी तुलना-संकेतस्थळ ग्राहकाकडून पैसे घेत नाही. ग्राहकाने कंपनी बदलली की नव्या कंपनीकडून ते दलाली घेते. ही दलाली कंपनीच्या खर्चात धरली जाते आणि शेवटी बिलातूनच वसूल होते. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सच्या ऊर्जा समितीने फेब्रुवारी 2015 मध्ये या व्यवसायावर अहवाल दिला. ज्या योजनांवर दलाली मिळत नाही, त्या सुरुवातीच्या यादीतून दिसेनाशा करण्याच्या पद्धतीवर त्यात कडक टीका होती. ऑस्ट्रेलियात आयसिलेक्ट या कंपनीला तेथील फेडरल न्यायालयाने ऑक्टोबर 2020 मध्ये 85 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. आपण सर्व उपलब्ध योजनांची तुलना करून सर्वांत योग्य योजना सुचवतो, असा समज तिने ग्राहकांत निर्माण केला होता आणि तो खरा नव्हता. फुकट दिसणाऱ्या तुलनेची किंमत ग्राहक अशा रीतीने मोजतो. सार्वजनिक संकेतस्थळाचा खर्च उघड दिसतो, म्हणून तो मोठा वाटतो. खासगी तुलनेचा खर्च दिसत नाही, एवढाच त्या दोहोंत फरक आहे.

सार्वजनिक संकेतस्थळाचे सर्वांत अभ्यासण्याजोगे उदाहरण म्हणजे ऑस्ट्रेलियाचे ‘एनर्जी मेड ईझी’. ऑस्ट्रेलियन एनर्जी रेग्युलेटर ही तेथील नियामक संस्था ते चालवते. राष्ट्रीय किरकोळ ऊर्जा कायदा जुलै 2012 मध्ये काही प्रदेशांत लागू झाला, त्याच सुमारास हे संकेतस्थळ सुरू झाले. पुढे दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि न्यू साउथ वेल्स ही राज्ये 2013 मध्ये, तर क्वीन्सलंड 2015 मध्ये त्या कायद्याखाली आले. व्हिक्टोरिया राज्याने मात्र तो कायदा स्वीकारला नाही आणि ‘व्हिक्टोरियन एनर्जी कंपेअर’ हे स्वतःचे संकेतस्थळ उभारले. परिणामी एकाच देशात एकाच कामासाठी दोन सार्वजनिक यंत्रणा पोसल्या जातात. दोन्ही ठिकाणी कंपन्यांकडून दर घ्यावे लागतात, दोन्ही ठिकाणी ते तपासावे लागतात आणि प्रत्येक सुधारणेचा खर्च दोनदा होतो. उद्या भारतात प्रत्येक राज्याचा नियामक आयोग स्वतंत्र संकेतस्थळ उभारू लागला, तर हाच दुहेरी खर्च अनेक पटींनी होईल.

अशा सेवेतील सर्वांत मोठे आणि न संपणारे काम म्हणजे माहिती खरी ठेवणे. कंपनीने दर बदलला की तो ठरलेल्या मुदतीत संकेतस्थळावर यायला हवा. दरासोबत त्याच्या अटीही याव्या लागतात : कोणत्या पिनकोडला तो लागू आहे, कोणत्या मीटरला चालतो, किती महिने टिकतो, अनामत किती. ऑस्ट्रेलियात ही माहिती देणे कंपन्यांवर कायद्याने बंधनकारक आहे आणि ती कोणत्या नमुन्यात द्यायची याची मार्गदर्शक तत्त्वे नियामकाने ठरवून दिली आहेत. असे बंधन नसेल, तर सरकारी कर्मचाऱ्यांना दरपत्रके शोधून हाताने आकडे भरावे लागतात. त्यात वेळ जातो, चुका होतात आणि एका चुकीच्या आकड्याने हजारो ग्राहकांना चुकीचा सल्ला मिळतो. बंधन घालायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. ते घातले नाही तर दर वर्षी येतो.

या माहितीचा उपयोग संकेतस्थळापुरता राहत नाही, हेही खर्च मोजताना लक्षात घ्यायला हवे. ग्राहकाच्या माहितीवरील हक्काचा जो कायदा ऑस्ट्रेलियाने केला आहे, त्याखाली 2022 पासून तेथील वीजयोजनांची माहिती यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात खुली केली जाते, आणि ती ‘एनर्जी मेड ईझी’ व ‘व्हिक्टोरियन एनर्जी कंपेअर’ या दोन सरकारी यंत्रणांकडूनच घेतली जाते. कोणीही संशोधक, ग्राहकसंघटना किंवा वृत्तपत्र ती तपासू शकते. एकदा खर्च करून शुद्ध केलेली माहिती अशी सर्वांसाठी खुली केली, तर त्याच पैशात अनेकांचे काम होते.

दुसरे काम हिशेबाचे. संकेतस्थळ कोणता एक आकडा पुढे करते, यावर कंपन्या आपल्या योजना कशा आखतील हे ठरते. टेक्सासमध्ये किरकोळ वीजबाजार जानेवारी 2002 मध्ये खुला झाला. तेथील पब्लिक युटिलिटी कमिशनचे ‘पॉवर टू चूज’ हे संकेतस्थळ योजनांची तुलना करते. प्रत्येक योजनेच्या माहितीपत्रकावर 500, 1000 आणि 2000 युनिटच्या वापराला सरासरी दर किती पडतो ते छापावे लागते. काही कंपन्यांनी यातून पळवाट काढली. वापर बरोबर 1000 युनिटला पोचला की बिलात मोठी सूट मिळेल, अशी योजना त्यांनी आखली. यादीत ती स्वस्त दिसते. प्रत्यक्षात 950 युनिट वापरणाऱ्या घराला सूट मिळत नाही आणि त्याचे बिल फुगते. यादी तयार करणे स्वस्त होते, तिला फसवणेही तितकेच सोपे ठरले. ग्राहकाच्या स्वतःच्या बारा महिन्यांच्या वापरावर हिशेब करणे महाग असते, पण ही फसगत त्यानेच थांबते.

ऑस्ट्रेलियाने या अडचणीवर आणखी एक उपाय केला. तेथील स्पर्धा आयोगाने जुलै 2018 मध्ये वीजदरांवर सविस्तर अहवाल दिला. कंपन्या आपापल्या फुगवलेल्या मूळ दरावर सूट जाहीर करतात, त्यामुळे तीस टक्के सूट पंधरा टक्के सुटीपेक्षा महाग निघू शकते, हे त्यात दाखवून दिले होते. 1 जुलै 2019 पासून नियामकाने संदर्भदर ठरवून दिला आणि प्रत्येक सूट त्याच्याशी तुलना करूनच जाहीर करण्याचे बंधन आले. या नियमाने संकेतस्थळाचे काम हलके झाले. बाजाराचे नियम नीट असले की तुलनेचे यंत्र साधे राहते, आणि साधे यंत्र स्वस्तात चालते. महाराष्ट्रात याची पायाभरणी कायद्यात आधीच झालेली आहे. वीज कायदा 2003 च्या कलम 62 मध्ये तशी तरतूद आहे. एकाच क्षेत्रात दोन किंवा अधिक वितरण परवानाधारक असतील, तर स्पर्धेला चालना देण्यासाठी आयोग केवळ कमाल दर ठरवून देऊ शकतो. हा कमाल दर सर्व तुलनांचा समान संदर्भ ठरू शकतो.

तिसरे काम मीटरमधील माहिती संकेतस्थळापर्यंत आणण्याचे. स्मार्ट मीटर असेल, तर दर अर्ध्या तासाचा वापर नोंदवला जातो आणि वेळेनुसार बदलणाऱ्या दरांचीही अचूक तुलना होते. भारतात ग्राहक हक्क नियमांतील 2023 च्या दुरुस्तीनंतर शेती वगळता इतर ग्राहकांना वेळेनुसार दर लागू करण्याची दिशा ठरली आहे, त्यामुळे हा मुद्दा इथेही येणारच. पण त्याची खरी किंमत संकेतस्थळाच्या अंदाजपत्रकात दिसत नाही. व्हिक्टोरियाने जवळजवळ सर्व घरांत स्मार्ट मीटर बसवले. तेथील महालेखापरीक्षकांच्या सप्टेंबर 2015 च्या अहवालानुसार, त्या वर्षाअखेरपर्यंत मीटरसेवेपोटी ग्राहकांनी सुमारे 2.24 अब्ज डॉलर भरलेले असणार होते. अपेक्षित लाभांपैकी बरेचसे हाती आलेले नव्हते. मीटरमधील माहिती वापरून योजना बदलणारे ग्राहक फार थोडे होते, हे त्यामागचे एक कारण. एवढा पैसा मीटरवर ओतल्यानंतर त्या माहितीचा ग्राहकाला उपयोग व्हावा, यासाठी लागणारी शेवटची छोटी रक्कम अडवून धरणे शहाणपणाचे नाही. तसेच, संकेतस्थळामुळे मीटरचा सगळा खर्च वसूल होईल, असा दावा करणेही प्रामाणिकपणाचे नाही.

मीटरमधील माहिती खासगी असते. घरात कधी कोणी नसते, कधी उठतात, कधी झोपतात, हे अर्ध्या तासाच्या नोंदींतून कळते. म्हणून संमती घेणे, माहिती सुरक्षित ठेवणे आणि काम झाल्यावर ती पुसून टाकणे, या तिन्हींसाठी स्वतंत्र तरतूद लागते. ऑस्ट्रेलियात मीटरच्या राष्ट्रीय ओळखक्रमांकावरून संकेतस्थळ वापराची माहिती मिळवू शकते. महाराष्ट्रात ग्राहकक्रमांकावरून तसे करता येईल, पण त्याला सुरक्षिततेच्या चाचण्यांची जोड हवी, आणि त्या चाचण्या फुकट होत नाहीत.

चौथे काम लोकांपर्यंत पोचण्याचे. संकेतस्थळ कितीही चांगले असले, तरी ज्याला ते ठाऊक नाही त्याला त्याचा उपयोग नाही. न्यूझीलंडने 2010 च्या वीज कायद्यानंतर ग्राहकांना पुरवठादार बदलण्यास प्रवृत्त करण्यासाठी तीन वर्षांकरिता दीड कोटी न्यूझीलंड डॉलरचा निधी उभारला आणि 2011 मध्ये ‘व्हॉट्स माय नंबर’ ही मोहीम चालवली. व्हिक्टोरियाने वेगळी वाट धरली. 2018 मध्ये संकेतस्थळावर येऊन तुलना करणाऱ्या घराला 50 डॉलर, आणि 2022 पासून 250 डॉलर देण्याची योजना तेथील सरकारने राबवली. दहा लाख घरांनी असे 250 डॉलर घेतले, तर एकट्या त्या बक्षिसाचा खर्च 25 कोटी डॉलर होतो. ही रक्कम महागाईत घरांना दिलेली मदत म्हणून योग्य ठरू शकते. पण तिला तुलनेवरील खर्च म्हटले, तर संकेतस्थळाचा हिशेब पार बिघडतो. पैसे घेण्यापुरते येणारे आणि पुरवठादार बदलणारे हे दोन वेगळे आकडे आहेत, ते वेगळेच मोजायला हवेत.

याहून स्वस्त मार्ग बिलातून जातो. बिल प्रत्येक घरी पोचतेच. ऑस्ट्रेलियन नियामकाचे नवे बिलविषयक नियम सप्टेंबर 2023 अखेर लागू झाले. त्यांनुसार, त्याच कंपनीची दुसरी योजना ग्राहकाला स्वस्त पडत असेल, तर किती डॉलर वाचतील हे कंपनीला बिलावर सांगावे लागते, आणि सरकारी संकेतस्थळाचा उल्लेखही करावा लागतो. यातही त्रुटी निघाल्या. कंपन्या जुन्या आणि नव्या योजनेला एकच नाव देतात, त्यामुळे आपण आहोत त्याच योजनेचे नाव वाचून ग्राहक गोंधळतो. चॉईस या ग्राहकसंघटनेने 2025 मध्ये याबद्दल स्पर्धा आयोगाकडे रीतसर तक्रार केली. असे असले तरी तत्त्व पक्के आहे : जाहिरातीवर कोट्यवधी खर्च करण्यापूर्वी बिलावरच्या चार ओळी वापराव्यात.

पाचवे काम सर्वांना वापरता येण्याचे. युरोपीय संघाच्या 2019 च्या वीजबाजार निर्देशाने घरगुती ग्राहकांना आणि वर्षाला एक लाख युनिटपेक्षा कमी वापर असलेल्या सूक्ष्म उद्योगांना तुलनेचे किमान एक साधन विनामूल्य मिळालेच पाहिजे, असे बंधन घातले. त्या साधनाच्या अटीही दिल्या : ते कंपन्यांपासून स्वतंत्र असावे, मालक कोण ते उघड असावे, निकष स्पष्ट असावेत, भाषा सोपी असावी, माहिती शेवटची कधी बदलली ते दिसावे, अपंग व्यक्तींना ते वापरता यावे आणि चूक कळवण्याची सोय असावी. महाराष्ट्रात या यादीत मराठीची भर घालावी लागेल, आणि ती नंतर चिकटवलेल्या भाषांतराची नको. बिलावर जे शब्द छापले जातात तेच संकेतस्थळावर असायला हवेत. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर ते चालायला हवे. ज्यांच्याकडे इंटरनेट नाही, त्यांना दूरध्वनीवरून तीच तुलना सांगणारा माणूसही हवा. सुधारणेच्या अंदाजपत्रकात सर्वांत आधी कात्री लागते ती याच बाबींना, आणि ज्यांची बचत त्यांच्या संसाराला खरोखर हातभार लावेल अशीच घरे त्यामुळे बाहेर राहतात.

या पाच कामांपैकी पडद्यावर दिसते ते फारच थोडे. सुधारणेचे अंदाज इतके चुकतात ते यामुळेच. ऑस्ट्रेलियाच्या हवामान विभागाचे नवे संकेतस्थळ ऑक्टोबर 2025 मध्ये सुरू झाले. त्याच्या नव्या रूपाचा खर्च 41 लाख डॉलर, असे आधी सांगण्यात आले. पुढच्याच महिन्यात एकूण खर्च सुमारे 9 कोटी 65 लाख डॉलर असल्याचे बाहेर आले. त्यात पडद्यामागच्या यंत्रणेच्या उभारणीचा वाटा जवळपास 8 कोटींचा होता, आणि उरलेल्यात सुरक्षा चाचण्या व प्रत्यक्ष सुरुवात यांचा मोठा भाग होता. पहिला आकडा खोटा नव्हता, अपुरा होता, आणि तेवढ्याने लोकांचा विश्वास उडाला. अमेरिकेत आरोग्यविम्याच्या योजनांची तुलना करून विमा घेण्यासाठी उभारलेले सरकारी संकेतस्थळ 1 ऑक्टोबर 2013 रोजी सुरू होताच कोलमडले. तेथील सरकारी लेखापरीक्षण संस्थेने 2014 मध्ये दाखवून दिले, की त्याच्या मुख्य बांधणीच्या कंत्राटाची रक्कम 5 कोटी 60 लाख डॉलरवरून 20 कोटी 90 लाख डॉलरच्या वर गेली होती. गरजा पक्क्या ठरण्याआधी काम दिले गेले आणि मध्येच त्या वारंवार बदलल्या, हे त्यामागचे मोठे कारण होते.

खर्चाइतकाच लाभाचाही हिशेब काटेकोर हवा. उदाहरणापुरते गृहीत धरू, की एका शहरातील 40 लाख ग्राहकांसाठी अशी सेवा वर्षाला 5 कोटी रुपयांत चालते. म्हणजे प्रत्येक ग्राहकामागे वर्षाला साडेबारा रुपये, महिन्याला जेमतेम एक रुपया. त्यांपैकी शंभरात एका ग्राहकाने, म्हणजे 40 हजार घरांनी, पुरवठादार बदलून महिना 100 रुपये वाचवले, तर वर्षाची बचत 4 कोटी 80 लाख होते. शंभरात दोघांनी वाचवले, तर सेवेचा खर्च जवळजवळ दुपटीने भरून निघतो. अशा सेवेच्या बाजूने सर्वांत भक्कम युक्तिवाद हाच आहे, आणि तो पडताळून पाहता येतो. त्यासाठी किती लोक आले हे मोजून भागत नाही. किती जणांनी तुलना पूर्ण केली, किती जणांनी पुरवठादार बदलला आणि सहा महिन्यांनी त्यांचे बिल खरोखर कमी झाले का, हे मोजावे लागते.

लाभाला मर्यादाही आहेत. ऑस्ट्रेलियात सरकारी संकेतस्थळ अकरा वर्षे चालल्यानंतरही, स्पर्धा आयोगाच्या 2023 च्या अखेरीच्या अहवालानुसार, ठरावीक दराच्या बाजारातील योजनांवर असलेल्या घरांपैकी 47 टक्के घरे संदर्भदराइतका किंवा त्याहून जास्त दर भरत होती. जे शोधत नाहीत ते महागात पडतात, आणि शोधायला वेळ नसणारेच बहुधा जास्त अडचणीत असतात. ब्रिटनमध्ये 2021 च्या इंधन संकटात सुमारे तीस पुरवठादार बुडाले आणि तुलना करण्याजोग्या योजनाच काही काळ उरल्या नाहीत. म्हणून तुलना-संकेतस्थळ हे ग्राहकसंरक्षणाचे एक साधन आहे, दरनियंत्रणाला पर्याय नाही.

मुंबईच्या बाबतीत आणखी एक हिशेब करावा लागतो. एका ग्राहकाने वाचवलेला रुपया ही नेहमीच समाजाची बचत नसते. जास्त वीज वापरणारे, जास्त दर देणारे ग्राहक एका कंपनीकडून निघून गेले, तर तिच्या तारा, उपकेंद्रे आणि जुनी थकलेली वसुली यांचे ओझे मागे राहिलेल्यांवर पडते. त्यात छोट्या घरांचा भरणा असतो. याच कारणाने स्थलांतर करणाऱ्यांवर क्रॉस-सबसिडी अधिभार आणि नियामक मत्ता अधिभार लावले गेले. संकेतस्थळाने हे अधिभार दडवून स्वस्त दर दाखवला, तर ग्राहक फसतो. आयोगाने त्यांचा परिणाम मोजला नाही, तर गरीब घरे फसतात. सेवेच्या वार्षिक अहवालात दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापले पाहिजेत.

मग पैसा कोठून यावा? वीज कायद्यातील कलम 102 राज्य सरकारला आयोगाला अनुदान देण्याची मुभा देते, आणि कलम 103 नुसार अनुदाने व शुल्के आयोगाच्या निधीत जमा होतात. दुसरा मार्ग परवानाधारकांच्या वार्षिक महसुली गरजेत हा खर्च धरून तो दरांतून वसूल करण्याचा. न्यूझीलंडमध्ये नियामकाचा खर्च वीजउद्योगावरील आकारातून येतो, तर ऑस्ट्रेलियात नियामकाचा बहुतांश खर्च केंद्रीय अंदाजपत्रकातून. कोणताही मार्ग घेतला तरी भार शेवटी करदाता किंवा वीजग्राहक म्हणून नागरिकच उचलतो. यांतून निवड करण्याचा निकष एकच असावा : संकेतस्थळ चालवणाऱ्याला कोणत्याही पुरवठादाराची मर्जी राखावी लागता कामा नये. म्हणून परवानाधारकांनी थेट चालवलेली किंवा त्यांच्या देणगीवर चाललेली तुलना ग्राहकाच्या हिताची नाही.

भारतात या कामाला पूर्वाधार आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने एप्रिल 2018 मध्ये मोबाइल कंपन्यांच्या दरांची माहिती एकत्र देणारे संकेतस्थळ सुरू केले. दर नियामकाकडे नोंदवण्याचे बंधन कंपन्यांवर आधीपासून होते, म्हणून ते शक्य झाले. विजेचे दर तर आयोग स्वतःच मंजूर करतो. म्हणजे ऑस्ट्रेलियाला ज्या माहितीसाठी सर्वाधिक झटावे लागते, ती इथे आयोगाच्या दप्तरात आहेच. तिला एका नमुन्यात बसवून खुली करणे, हे पहिले आणि सर्वांत स्वस्त पाऊल आहे. कामकाजात पारदर्शकता राखण्याचे कर्तव्य कलम 86 ने आयोगावर घातलेले आहे, आणि ग्राहकांचे प्रतिनिधी म्हणून आयोगापुढे बाजू मांडण्याची कलम 94 ची सोय महाराष्ट्रात चांगली रुळली आहे. पुण्याचा प्रयास ऊर्जा गट आणि मुंबई ग्राहक पंचायत यांसारख्या संस्थांचा अनुभव या कामी हाताशी आहे.

वरील विवेचनावरून आयोगाकडे पुढील मागण्या आहेत :

1. आयोगाने मंजूर केलेले सर्व घरगुती व छोट्या व्यावसायिक ग्राहकांचे दर, अधिभार आणि अटी एकाच ठरलेल्या नमुन्यात, यंत्राला वाचता येतील अशा स्वरूपात खुल्या कराव्यात. दरबदलाची नोंद ठरावीक मुदतीत करण्याचे बंधन परवानाधारकांवर घालावे.

2. तुलना वर्षाच्या सरासरीवर न बेतता बारा महिन्यांच्या प्रत्यक्ष वापरावर आणि टप्प्यांनुसार करावी. सर्व अधिभारांसह येणारे एकूण वार्षिक बिल हाच मुख्य आकडा असावा.

3. काम देण्यापूर्वी उभारणी, माहितीची तपासणी, सुरक्षा, मराठी मजकूर, दूरध्वनी साहाय्य, प्रचार आणि पाच वर्षांची देखभाल यांचे वेगवेगळे अंदाज प्रसिद्ध करावेत. दर वर्षी प्रत्यक्ष खर्च त्यांच्याशेजारी छापावा.

4. प्रत्येक बिलावर संकेतस्थळाचा पत्ता, दूरध्वनी क्रमांक आणि तुलनेसाठी लागणारी ग्राहकाची माहिती एकत्र छापण्याचा आदेश द्यावा. जाहिरातींवर खर्च करण्याचा निर्णय या उपायाचा परिणाम मोजल्यानंतरच घ्यावा.

5. पुरवठादार बदललेल्यांची बचत आणि मागे राहिलेल्या ग्राहकांवर पडलेला भार, या दोन्हींचा वार्षिक अहवाल ग्राहक प्रतिनिधींच्या अभिप्रायासह जाहीर करावा.

6. ही सेवा इतर राज्यांच्या आयोगांना वापरता येईल अशी बांधावी, म्हणजे एकाच कामासाठी देशात पुन्हा पुन्हा पैसा ओतावा लागणार नाही.

या मागण्यांपैकी पहिली, दुसरी आणि चौथी आयोग आपल्या सध्याच्या अधिकारांत, मोठ्या अंदाजपत्रकाची वाट न पाहता, सुरू करू शकतो. उरलेल्या तीन मागण्यांसाठी जाहीर सुनावणी घ्यावी आणि तिच्यापुढे खर्चाचा पूर्ण आराखडा ठेवावा, ही विनंती.

कळावे,
एक वीजग्राहक